पुसाटी बुरुजावरचा सूर्योदय

अख्ख्या वर्गात एकट्या दानेश्वरीकडे कॅमेरा नव्हता. राजससरांनी पहिल्याच रविवारी ही गोष्ट सगळ्यांसमोर बोलून टाकली होती, त्यामुळे ती लपवण्याचा त्रास तिला उरला नव्हता.

शाहूपुरीत एका कापड दुकानाच्या माडीवर दर रविवारी हा फोटोग्राफीचा वर्ग भरायचा. अकरा मुलं होती. दानेश्वरी सातवीत शिकत होती. तिचे वडील शिरोली एमआयडीसीत भट्टीवर कामाला होते आणि आई शांतव्वा घरी साड्यांना फॉल-पिको करून द्यायची. सरांच्या बायकोच्या साड्या तिच्याकडेच यायच्या, त्या ओळखीवर मुलीला वर्गात जागा मिळाली होती. ज्याच्याकडे कॅमेरा नाही त्यानं जोडीदाराच्या कॅमेऱ्यावर शिकायचं, असा सरांचा नियम होता. दानेश्वरीची जोडीदार संयोगिता. तिचे वडील अमरसिंह हे त्या हॉलचे आणि खालच्या दुकानाचेही मालक.

जानेवारीत मुलांच्या फोटोंचं प्रदर्शन भरणार होतं. समोरच्या भिंतीवर मधोमध एकच मोठा फोटो लागणार, त्याखाली काढणाऱ्याचं नाव, आणि त्या मुलाला सरांचा जुना कॅमेरा वर्षभर वापरायला मिळणार, असं सरांनी जाहीर केलं. त्या कॅमेऱ्याच्या कडांचा काळा रंग उडून आतलं पितळ दिसायचं. दानेश्वरीनं तो दोनदाच हातात घेतला होता. सर बोलले त्या दिवसापासून तिच्या डोक्यात दुसरं काही शिरलं नाही. वर्षभर म्हणजे किती रविवार, हे तिनं वहीच्या मागच्या पानावर मोजूनसुद्धा ठेवलं.

डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी सर मुलांना सूर्योदयाचे फोटो काढायला पन्हाळ्याला घेऊन गेले. पहाटे पाचला गाडी निघाली. वाघबीळ ओलांडून गाडी घाट चढायला लागली तेव्हा बाहेर मिट्ट काळोख होता आणि काचांवर दव साचलं होतं. सज्जाकोठीपाशी गाडी थांबली. गार वारा आत घुसला तशी संयोगितानं शाल डोक्यावरून ओढून घेतली आणि कॅमेऱ्याची पिशवी दानेश्वरीच्या मांडीवर टाकली.

“हे धर. मी झोपतो. माझे पण दोन काढ.”

सज्जाकोठी गडाच्या उगवतीच्या अंगाला आहे. तटाखाली सरळ दरी. त्या दिवशी दरी धुक्यानं काठोकाठ भरली होती आणि त्या धुक्यातून एका गुऱ्हाळाचा धूर एकाच रेषेत वर चढत होता. मुलं तटाशी ओळीनं उभी राहिली. सरांनी सांगितलं, सूर्याचं बिंब दिसलं की बटण दाबायचं. सगळी मुलं बिंबाची वाट बघत गप्पा मारू लागली.

दानेश्वरी मात्र आभाळाकडे बघत होती. भट्टीतल्या लोखंडाचा रंग बघून त्याचा ताव कसा ओळखायचा, हे तिच्या अप्पांनी तिला सांगितलं होतं. आधी काळपट तांबडा, मग डाळिंबी, मग केशरी, मग पिवळा. पांढरा झाला की डोळ्यांना काही दिसत नाही, जे बघायचं ते त्याच्या आधीच बघून घ्यायचं. दरीच्या पलीकडे नेमका तसाच काळपट तांबडा पट्टा उमटलेला तिला दिसला.

“सर, तांबडं फुटलं,” ती म्हणाली.

शेजारी अभिराम उभा होता. वर्गात सगळ्यात मोठा, नववीतला, सरांच्या हाताखाली सामान लावणारा. तो फिसकन हसला. “तांबडं फुटलं काय? मग पांढरं कधी फुटणार? वाट्या आणू का रश्श्याला?”

मुलं खो खो हसली. हिच्या घरात तर मटण शिजतच नाही, हिला काय कळणार तांबडा-पांढरा, असं कुणीतरी पुढे जोडलं. त्या सकाळपासून तिचं नाव ‘तांबडं-पांढरं’ पडलं. सरही गालातल्या गालात हसले आणि म्हणाले, बिंब येऊ दे गं, घाई करू नको.

ती हसण्याकडे पाठ करून चार पावलं खाली, तटाच्या ढासळलेल्या कोपऱ्यात जाऊन बसली. उजेडाकडे कॅमेरा धरला की रंग पांढरे पडतात, तेव्हा उजेड कमी-जास्त करायची कॅमेऱ्यावरची चकती उणे दोनवर न्यायची, हे सरांनीच शिकवलं होतं. तिनं ती नेली. वर जांभळं, त्याखाली डाळिंबी, मग केशराची रेघ, खाली निळसर धुकं आणि मधोमध तो धूर. धुराच्या टोकाला केशरी उजेड लागला तशी तिनं श्वास रोखला आणि बटण दाबलं. तीनदा. मग बिंब वर आलं, रंग विरून गेले आणि वरून नऊ कॅमेऱ्यांचा कटकटाट ऐकू आला.

नंतर नाश्त्याला सगळे गडाच्या दुसऱ्या टोकाला, पुसाटी बुरुजावर गेले. संयोगिता तिथं जागी झाली. उपमा खाता खाता तिनं विचारलं, आले का फोटो. आले, असं दानेश्वरीनं सांगितलं.

पुढच्या रविवारी वर्गात सरांनी सगळे फोटो मोठ्या पडद्यावर बघितले. नऊ फोटोंत आभाळ दुधासारखं पांढरं होतं आणि मधे एक पांढरा ठिपका. दहावा आला तेव्हा सर खुर्चीतून उठले. त्यांनी कुणाचा म्हणून विचारलं आणि दानेश्वरीनं हात वर केला. प्रदर्शनाआधीच्या शुक्रवारी तो फोटो चौकटीत बसून समोरच्या भिंतीवर लागला. खाली टंकलेली पट्टी: दानेश्वरी सिद्धलिंग. पट्टी लावताना सरांनी तिला बघायला बोलावलं होतं.

शनिवारी रात्री वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सरांचा निरोप आला. ‘दानेश्वरीचा फोटो काढायचा आहे. उद्या सकाळी आठला हॉलवर ये.’

शांतव्वाच्या फोनवर दानेश्वरीनं तो तीनदा वाचला आणि आईला वाचून दाखवला. उद्या दहाला उद्घाटन, त्याआधी पहिल्या आलेल्या मुलीचा फोटो काढणार, यात न समजण्यासारखं काय होतं? तिनं लिहिलं, ‘हो सर, येते.’ सरांचं काही उत्तर आलं नाही. अभिरामचं आलं. ‘मस्त तयार होऊन ये हं. पावडर लाव. आईला पण आण.’ त्याखाली चार-पाच जणांनी अंगठे दाखवले.

शांतव्वानं ट्रंकेतली इरकल काढली. मुलीला दिवाळीचा परकर-पोलका इस्त्री करून दिला, केसांत अबोलीचा गजरा माळला, आणि गालांवर पावडर जरा जास्तच लागली तेव्हा असू दे म्हणाली, फोटोत चेहरा उजळ दिसतो. आठला दहा कमी असताना दोघी जिना चढून वर गेल्या.

सर स्टुलावर उभे होते. समोरच्या भिंतीवरून फोटो खाली उतरवून त्यांनी तो अभिरामच्या हातात दिला होता. स्टुलाभोवती चार-पाच मुलं नुसती बघायला म्हणून लवकर आली होती. दारातला परकर-पोलका दिसताच एकीनं तोंडावर रुमाल धरला.

“सर, तांबडं-पांढरं आलं की फोटो काढायला,” अभिराम म्हणाला. “काढला की आम्ही. हा बघ.”

मग हसण्याचा जो लोट उठला तो थांबता थांबेना. सर स्टुलावरून उतरले. निरोप एकट्या अभिरामला पाठवायचा होता, चुकून ग्रुपवर गेला, हे त्यांनी शांतव्वाला सांगितलं. मुलीचं उत्तर आपण वाचलंच नव्हतं, हेही सांगितलं. ते खरंही असेल. मग आवाज खाली आणून त्यांनी बाकीचं समजावलं. अमरसिंहांचं म्हणणं असं, की कॅमेरा आमचा, मुलगी आमची गाडीत होती, तर फोटो दुसऱ्याच्या नावावर कसा? आणि हॉल त्यांचा आहे. हॉल गेला तर वर्गच बंद पडेल, मग सगळ्याच मुलांचं नुकसान. तेव्हा फोटो तोच राहील, पट्टी तेवढी बदलायची.

शांतव्वानं पदरानं मुलीच्या गालावरची पावडर पुसली. रगडून पुसली, गाल लाल होईपर्यंत.

“नडी,” ती कानडीत म्हणाली, चल. “घराकडं जाऊ.”

पण सरांनी दानेश्वरीला थांबवून घेतलं. तिचं काम होतं. पाहुणे म्हणून नृसिंहराव येणार होते, चाळीस वर्षं डोंगरदऱ्यांचे फोटो काढणारे, आणि ते मुलांना प्रश्न विचारल्याशिवाय राहत नसत. संयोगिताला सगळं नीट सांगून ठेव, कुठून काढला, कधी काढला, चकती कितीवर होती. एवढं केलंस तर तुझं वर्गातलं नाव मी काढणार नाही, असं ते म्हणाले, आणि असं बोलताना त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. साड्या देण्याची वेळ झाली होती म्हणून शांतव्वा एकटीच जिना उतरली.

संयोगिता नऊला आली, नव्या पंजाबी ड्रेसमध्ये. दोघी खिडकीत बसल्या. संयोगितानं वही उघडली आणि शाळेतल्या धड्याचे प्रश्न विचारावेत तसं विचारलं. चकती कितीवर? उणे दोनवर. तो धूर कसला? गुऱ्हाळाचा.

“आणि कुठनं काढलास गं?”

दानेश्वरीनं तिच्या वहीकडे बघितलं. अक्षर सुरेख होतं.

“पुसाटी बुरजावरनं,” ती म्हणाली.

संयोगितानं लिहून घेतलं. आपण उपमा खाल्ला तोच ना, असंही तिनं विचारून घेतलं.

दहाला हॉल भरला. पालक, शेजारचे दुकानदार, दोन वर्तमानपत्रांची माणसं. नृसिंहराव एकेक फोटो बघत समोरच्या भिंतीपाशी आले आणि तिथंच थांबले. बराच वेळ थांबले. खाली पट्टी होती: संयोगिता अमरसिंह. त्यांनी तिला जवळ बोलावलं आणि प्रेमानं विचारलं, एवढा धीर कुठून आणलास बाळ, बिंब यायच्या आधी बटण दाबायला? ती गोड हसली. चकतीचं तिनं बरोबर सांगितलं, धुराचंही सांगितलं. मग त्यांनी जागा विचारली.

“पुसाटी बुरुजावरून काढला.”

नृसिंहरावांचं लहानपण पन्हाळ्यावरच गेलं होतं. ते आधी हसले, मग थांबले.

“पोरी, पुसाटी गडाच्या मावळतीला आहे. तिथनं सूर्य बुडताना दिसतो. उगवायला तो तिकडे कधी जायला लागला?”

सगळा हॉल हसला. अभिराम तर सकाळइतकंच मोठ्यानं हसला. त्याला कोणावर हसायचं याचं फारसं पडलेलं नसायचं. संयोगिताचा चेहरा पांढरा पडला. दानेश्वरी खांबाला टेकून बघत होती. हे सगळं तिला आवडलं. संयोगिता रडायला लागली तरी आवडतच राहिलं.

मग संयोगितानं बोट दाखवलं. “हिनं सांगितलं मला. मुद्दाम खोटं सांगितलं.”

सर दोन ढांगांत खांबापाशी आले. दंडाला धरून त्यांनी दानेश्वरीला भिंतीपुढे उभं केलं. फोटोत खोटेपणा चालत नाही, हे त्यांनी पहिल्याच रविवारी शिकवलं होतं, आणि ते इतक्या लोकांसमोर त्यांनी पुन्हा शिकवलं. ज्यांनी तुला कॅमेरा हातात दिला त्यांच्याच मुलीची अशी फजिती करतेस, लाज नाही वाटत? त्यांचा आवाज खरोखर दुखावलेला होता.

“आता खरं काय ते सगळ्यांसमोर सांग.”

दानेश्वरीनं सांगितलं. सज्जाकोठीच्या तटाखाली ढासळलेला कोपरा आहे तिथनं. तांबडं फुटून थोडा वेळ झाला हुता. धूर सरळ येस्तोवर थांबायचं, वारा आला तर वाकतोय. भट्टीगत रंग चढत जात्यात, पांढरा व्हायच्या आत घ्यायचा. वर्तमानपत्राची माणसं भराभर लिहून घेत होती.

नृसिंहराव तिच्याकडे टक लावून बघत होते. त्यांनी विचारलं, “हे सगळं होत होतं, तेव्हा तू कुठं होतीस?”

“कॅमेऱ्याच्या मागं.”

हॉलमध्ये ज्याला कळायचं त्याला कळलं. नृसिंहरावांना तर नक्कीच कळलं. त्यांनी पट्टीकडे बघितलं, मग सरांकडे. सर भिंतीवरची चौकट सरळ करत होते, ती सरळच होती. तेवढ्यात अमरसिंह पुढे आले.

“पावणं, चला की. मिसळ गार हुतीय. पोरांचं भांडण हाय, चालायचंच.”

नृसिंहरावांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला. मग टेबलावरचा सरांचा जुना कॅमेरा उचलून त्यांनी संयोगिताच्या हातात दिला. जाता जाता दानेश्वरीला म्हणाले, छान बोलतेस हं तू, वक्तृत्व स्पर्धेत भाग घेत जा.

सर मात्र विसरले नव्हते. त्यांनी दानेश्वरीला संयोगिताची माफी मागायला लावली.

“चुकलं माझं,” दानेश्वरी म्हणाली. मागच्या लोकांना ऐकू गेलं नाही म्हणून सरांनी तिला पुन्हा म्हणायला लावलं.

संयोगितानं डोळे पुसले. सगळे आपल्याकडे बघतायत हे तिला दिसत होतं. कॅमेरा एका काखेत धरून तिनं दानेश्वरीचा हात हातात घेतला आणि मोठ्यानं म्हणाली, “जाऊ दे. मी माफ केलं.”

किती समजूतदार पोरगी, असं कुणीतरी म्हणालं आणि टाळ्या सुरू झाल्या. सर वाजवत होते, अमरसिंह वाजवत होते, अभिराम वाजवत होता. संयोगितानं हात सोडला, तेव्हा सर दानेश्वरीकडेच बघत होते. मग तिनंही वाजवल्या.