चौदाची बाही

कपड्यांच्या त्या मोठ्या दुकानात मावशी एकोणीस वर्षं काचेजवळच्या मशीनवर बसत होती. गिऱ्हाईक समोर उभं, आणि मावशी जागच्या जागी पँट आखूड करणार, बाही सैल करणार. डाव्या डोळ्याने कधीच साथ सोडली होती. उजवा त्या काचेतून येणाऱ्या उजेडावर तग धरून होता. मग नवा मालक आला आणि त्याच्या सुपीक डोक्यातून युनिफॉर्म निघाला. तोकडी, अंगाला चिकटणारी बाही. घेर चौदा इंच, सगळ्यांना एकच.

मॅनेजरने दुकानातल्या कोऱ्या टेपने मावशीचा दंड मोजला. पंधरा.

"बाही मी पाच मिनिटांत सैल करते की," मावशी म्हणाली.

"युनिफॉर्मला कात्री लावायची नाही, वरून हुकूम आहे. दीड महिना घ्या मावशी, दंड उतरवा. नाहीतर तळघरातलं मशीन आहेच."

जन्मभर जगाच्या बाह्या सैल केल्या, आणि स्वतःच्या बाहीला हात लावायची बंदी! तळघरात एक ट्यूबलाइट. तिच्याखाली काळ्या कापडावरचा काळा दोरा मावशीला दिसणार नव्हता. आणि जिला टाका दिसत नाही त्या शिंपिणीला कोण ठेवून घेतं?

घरी ती पाण्याच्या भरलेल्या बाटल्या डोक्यामागून वर-खाली करू लागली. नवरा पलंगावरून म्हणाला, "जोरात हलव गं, मस्त वारा लागतोय. पंखा बंद करतो."

"आधी तोंड बंद करा."

लेक म्हणाली, "आई, नुसत्या दंडाची चरबी जात नसते. उतरली तर सगळ्या अंगाची उतरते."

मावशीने रात्रीचं जेवण सोडलं, चहातली साखर सोडली, बस सोडली. दुपारी डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. पण दर रविवारी ती आपल्या आईच्या जुन्या टेपने दंड मोजायची. सव्वाचौदा. चौदाला एक रेघ जास्त. सहाव्या रविवारी चौदा! लेकीच्या गळ्यात पडून रडली बाई.

सोमवारी मॅनेजरने मोजला. पावणेपंधरा.

"नीट धरा हो टेप!" तिने पर्समधून आपला टेप काढला, दोन्ही टेबलावर शेजारी-शेजारी अंथरले. जुन्याचा चौदा नव्याच्या पावणेपंधरापाशी पोचला होता. कापडी टेप वापरून वापरून लांबतो. दुकानातले जुने टेप दरवर्षी तीच पोरींवर खेकसून फेकायला लावायची. आईचा तेवढा फेकवला नव्हता.

दीड महिना घाम गाळला, पोट मारलं, आणि उतरला पाव इंच.

"थोडक्यात हुकलं, मावशी," मॅनेजर म्हणाला आणि तिची कात्री उचलून खाली पाठवली.

तळघरात पहिलंच काम काळ्या कोटाचं आलं, अस्तर उसवलेलं. तिने बोटांनी चाचपत शिवलं. तासाभरात कोट परत.

"मावशी, टाका कुठे चाललाय, बघा ना जरा," वरून आलेली पोरगी म्हणाली.

"बघतेय की," मावशी म्हणाली, आणि शिवण शोधत कोट उलटा-सुलटा करत राहिली.