आडालोची धर्ममाता

म्हाताऱ्या सम्राटाच्या मुलांनी राज्य वाटून घेतलं आणि वाटणी पटेना म्हणून पुन्हा तलवारी उपसल्या. भावाभावांची भांडणं कुठल्या घरात नसतात? पण यांच्या भांडणापायी मोझेल नदीकाठची घरंच्या घरं पुरुषांवाचून ओस पडली. फ्रोटलिंडचा नवरा रागेनार धाकट्या राजाच्या फौजेत गेला, तेव्हा आडालो तिच्या पोटात होता.

त्याच धामधुमीत एकदा बिशप गावावरून गेले. बिशप पोराच्या कपाळाला तेल लावतात तेव्हा पोर आईबापांखेरीज दुसऱ्या कुणी धरायचं, असा रिवाज. जो धरेल तो पोराचा धर्मपालक आणि आईबापांचा धर्मातला भाऊ किंवा बहीण. आडालोला शेजारची इर्मिना धरणार होती, पण फौजेची माणसं गुरं हाकून नेताहेत अशी आवई उठली आणि ती गाय लपवायला रानात पळाली. बिशप घाईत होते. आता पोर तसंच राहील या धास्तीने फ्रोटलिंडने त्याला स्वतःच पुढे केलं.

पाद्री वुल्फार्डच्या हे लक्षात आलं तोवर बिशप निघून गेले होते.

"काय करून बसलीस हे, पोरी?" पाद्री म्हणाला. "पोराची धर्ममाता तूच झालीस. म्हणजे रागेनारची बहीण. भावाशी का कुणी संसार करतं?"

तिला आधी हसूच आलं. मग हिवाळ्यात आडालो तापाने गेला. पोर गेलं, पण त्याच्यापायी जडलेलं नातं काही सुटेना. एकटीपुरती लापशी शिजवणं तिला जमत नव्हतं, उरलेली डुकराला जायची. रागेनार परत येईल, एवढ्याच आशेवर ती दिवस ढकलत होती.

वसंतात तो आला खरा, पण उतरला गावच्या सरदाराच्या वाड्यावर. धर्माचा निवाडा होईपर्यंत घरी पाय ठेवायचा नाही, असं पाद्र्याने त्याला बजावलं होतं म्हणे.

"मीच धरला होता म्हणून शपथ घेते मी," इर्मिना म्हणाली. "गाय नंतर लपवली म्हणेन. देव काय माझ्या गाईमागे धावत होता?"

फ्रोटलिंडनेही मन घट्ट केलं. खोट्या शपथेने नरक मिळतो म्हणतात. मिळेना का, त्या रिकाम्या घरापेक्षा वाईट काय असणार?

देवळात बिशपांचा कारभारी बसला होता. संताच्या अस्थींच्या पेटीवर तिने हात ठेवला. समोर रागेनार उभा होता, वाळलेला, पण अंगावर नवा झगा.

"फ्रोटलिंड," तो म्हणाला, "खोटं बोलू नकोस हो. जे असेल ते सांगून टाक."

आपल्या जिवाची काळजी वाटली याला, या विचाराने तिचे डोळे भरून आले. तेवढ्यात इर्मिना तिच्या कानाशी लागली.

"अगं, कशाची काळजी? थोरल्या राजाच्या बाजूला गेला की जमीन मिळतेय त्याला, या सरदाराच्या विधवा लेकीसकट. गाव बोलतंय. मी सांगणार नव्हते तुला."

इर्मिनाचं नाव तिच्या जिभेवर आलं होतं. ते घेतलं असतं तर नवरा गळ्यात बांधलेला राहिला असता. पण गळ्यात बांधलेल्या माणसाबरोबरचं एकटेपण तिला त्या क्षणी स्पष्ट दिसलं, आणि ते सोसण्याची ताकद आपल्यात नाही हेही कळलं.

"मीच धरला होता," ती म्हणाली. "दुसरं कुणी नव्हतंच."

रागेनारने सोडलेला सुस्कारा सगळ्या देवळाला ऐकू गेला.

"मुलाचं नाव?" कारभाऱ्याने रिवाजाप्रमाणे बापाला विचारलं.

रागेनारने तोंड उघडलं आणि मिटलं. मग त्याने फ्रोटलिंडकडे पाहिलं. त्याला ठाऊकच नव्हतं.

"आडालो," ती म्हणाली.