चिंचेच्या लाकडाचा चमचा

हरणाबाईने चमचा उजेडात धरला, उलटासुलटा केला आणि कडेवरून फिरणारा अंगठा मध्येच थांबवला.

"वैनी, नातू केवढा म्हनला हुता तुमचा?"

"चार वर्साचा," अनसूया म्हणाली.

"मग दात लय दांडगं हायती की पोराचं."

चमच्याच्या कडेला दोन खोल खाचा पडल्या होत्या. शिवणीचं लाकूड मऊ. त्यावर जोरात दात बसले की वळ उठणारच. पण चार वर्षांच्या मुलाचे दात एवढे रुंद नसतात, हे लपून राहण्यासारखं नव्हतं. मागच्या आठवड्यात अनसूया पहिल्यांदा इथे आली, तेव्हा नातवासाठी लाकडाचा खायचा चमचा हवाय, असं ती बेधडक सांगून गेली होती. आज "जरा मोठा पायजे" म्हणून तोच परत घेऊन आली होती.

मलकापुरात हायवेच्या अलीकडे, पत्र्याच्या छपराखाली हरणाबाई कामाला बसे. भोवती लाकडाचा भुगा आणि ढलप्या. एका बाजूला रव्या, उलथनी आणि चाटू म्हणजे लाकडी पळ्या रचून ठेवलेल्या. नवरा होता तोवर बैलगाड्या करायचा. गाड्या बंद झाल्या आणि मागोमाग तोही गेला. बाईमाणसानं लाकूड तासायचा वाकस हातात धरायचा नसतो, असं गल्लीतल्या जाणत्यांनी सांगून पाहिलं. हरणाबाईने ते ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लाकूड पायांच्या बोटांत धरून वाकस चालवायला घेतला. आता कऱ्हाडातल्या घराघरात नॉनस्टिक तवे आले होते आणि लोखंडी उलथन्याने त्यांचं काळं निघतं म्हणून कॉलेजात शिकवणाऱ्या बायकासुद्धा तिच्याकडे लाकडी उलथनी मागायला येत.

अनसूया खाली भुग्याकडे बघत राहिली. मग तिने उजवा हात पदरातून बाहेर काढला, समोर धरला आणि मुद्दाम थरथर हलवून दाखवला.

हरणाबाईने हातातला चमचा बाजूला ठेवला.

"मालक?"

अनसूयेने मान हलवली.

"कवापास्नं?"

"दोन दिवाळ्या झाल्या. डाक्टर कंपवात म्हनत्यात. गोळ्या हायती, पर जेवताना हात लय हलतो. स्टीलच्या चमच्यानं ताट वाजतंय, दात वाजत्यात. शेजारच्या पोरांनी एकदा त्येंची नक्कल क्येली. तवापास्नं दार लावून मीच भरवते." ती थांबली. "ह्या महिन्यात अबोलीचं लगीन हाय. धाकटी माझी. शिराळ्याला दिलीया. हे म्हनत्यात, मी मांडवाच्या मागं थांबीन, पंगतीत बसनार न्हाई. लेकीचा बाप पंगतीत न्हाई म्हनल्यावर व्याही काय म्हनतील?"

"त्यास्नी हिकडं धाडा."

"कुटंच जात न्हाईत."

"मग मी येते," हरणाबाई म्हणाली, आणि परत कामाला लागली.

दुसऱ्याच दिवशी ती डोक्यावर चाटू-उलथन्यांचं गाठोडं घेऊन अनसूयेच्या दारात उभी राहिली. अनसूयेचा नवरा मधुकर ओट्यावर बसला होता. उजवा हात नेहमीसारखा टॉवेलखाली. एसटीत आयुष्य काढलेला माणूस. कऱ्हाड-चिपळूण गाडी त्याने इतकी वर्षं चालवली होती, की कुंभार्ली घाटातल्या टपरीवाल्यांना त्याच्या हॉर्नवरून चहा टाकायची सवय लागली होती. धुक्यात पुढचा दगड दिसत नसतानाही ज्याच्या हातात गाडीभर माणसं डोळे मिटून झोपायची, त्या माणसाला आता आमटीचा घास तोंडापर्यंत नेता येत नव्हता.

"काय नको आमाला," तो म्हणाला.

"इकाय न्हाई आले. तुमचा हात बघाय आले."

मधुकरची नजर सरळ अनसूयेवर गेली. ती चौकटीला धरून उभी होती. त्या नजरेखाली ती आत सरकली असती, पण हरणाबाई गाठोडं उतरवून खुशाल ओट्याच्या पायरीवर बसली आणि तिने आपला डावा हात पुढे केला. अंगठ्याचं वरचं पेर नव्हतं.

"वाकस लागला. नवीन हुते कामाला. सगळा हात बांधल्याला, म्हैस धरायची सोय न्हाई का येणी घालायची. अंगात ताप भरल्याला, उजवा हातबी उचलंना. जाऊ भरवायची मला. लय मायेनं भरवायची." ती हसली. "आन मला वाटायचं, हिच्या हाताला कडकडून चावावं."

मधुकरचे ओठ किंचित हलले, आणि अनसूयेच्या ध्यानात आलं की तो हसू दाबतोय. इतके दिवस तीही त्याला तशाच मायेने भरवत होती.

हरणाबाईने गाठोड्यातून चिंचेच्या लाकडाचा एक ओबडधोबड तुकडा काढला आणि ओट्यावर ठेवला. धर म्हणाली नाही. अनसूयेने आणलेला चहा घेतला, फुंकून प्यायली.

"मी पाटनकडची. म्हायेरास्नं येताना चिपळूनची गाडी गावायची. एक ड्रायवर हुता, वळनावर गाडी अशी घालायचा की मांडीवरचं लेकरू जागं व्हायचं न्हाई. तुमीच काय त्यो?"

"तसं चार-पाच जन हुतो," मधुकर म्हणाला. मग जरा थांबून, "वळनाच्या आदी गिअर टाकायचा आस्तो. वळनात शिरल्यावर न्हाई. लोकं वळनात शिरल्यावर टाकत्यात."

"म्हंजी कसं?"

"म्हंजी असं—" टॉवेल बाजूला झाला. त्याने ओट्यावरचा तुकडा उचलला, मुठीत घट्ट धरला आणि मनगट फिरवून दाखवलं. हात हलत होताच. पण तुकडा जड होता, त्या वजनाने ती थरथर जरा दबली होती. हरणाबाईने कपातला शेवटचा घोट संपवला, चुलीपुढचा कोळसा मागून घेतला आणि त्याची बोटं जिथे जिथे बसली होती, तिथे तिथे काळ्या खुणा केल्या. ती खुणा करत असताना मधुकर घाटाबद्दल बोलतच होता. मध्येच त्याला कळलं की आपला हात परक्या बाईसमोर उघडा आहे. तो थांबला. पण त्याने हात झाकला नाही.

चार-आठ दिवस गेले आणि चमचा आला. अनसूयेने असा चमचा कधी पाहिला नव्हता. दांडा जाड, खुरप्याच्या मुठीएवढा, बोटांच्या जागी अलगद दाबलेला. मान किंचित आत वळवलेली, म्हणजे मनगट फार उचलावं लागू नये. खोलगा चांगला खोल, पण काठ इतका पातळ आणि गुळगुळीत, की ओठाला लागल्याचं कळू नये. पातळ काठ कठीण लाकडातच टिकतो, असं हरणाबाई म्हणाली. खोलगा तिने गोल पटाशीने कोरून, मग फुटक्या काचेने खरवडून, मग घासून असा केला होता, की त्यात बोट घातलं तर ते आपोआप तळाशी घसरायचं. अनसूयेने तीनतीनदा बोट घालून पाहिलं.

दांडा मात्र खडबडीत होता. त्यावर वाकसाचे घाव तसेच होते.

"ह्यो राह्यला की," अनसूया म्हणाली.

"मला येळ न्हाई. लगीनसराई हाय, लोकांचं चाटू पडल्यात." हरणाबाईने काचकागदाचे तुकडे मधुकरच्या पुढ्यात टाकले. "त्येवढं तुमी घासा. आदी जाड कागद, मंग बारीक. झालं की वल्या फडक्यानं पुसा. पानी लागलं की लाकडाचं रोम उभं ऱ्हात्यात. वाळू द्या, परत घासा. रोम उटायचं थांबलं की मंग करडईचं त्याल."

"माझ्या हातानं?" मधुकरने विचारलं.

"तसाबी गप बसतोय व्हय त्यो? त्याला काम द्या."

एखाद्याने हे बोलणं मनाला लावून घेतलं असतं. मधुकरने पहिल्या दिवशी कागदाला हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी अनसूया भांडी घासून बाहेर आली, तर तो पाठमोरा बसला होता आणि खर्र खर्र असा आवाज येत होता. ती दाराआड थांबली. चमचा त्याने गुडघ्यांमध्ये दाबून धरला होता आणि उजव्या हाताने घासत होता. हात आधीसारखाच हलत होता, फक्त आता तो घासण्यासाठी हलत होता. कुठलं हलणं दुखण्याचं आणि कुठलं कामाचं, हे तिला लांबून ओळखता येईना.

मग ते रोजचंच झालं. जाड कागद, बारीक कागद, ओलं फडकं, ऊन. लग्नाची खरेदी, रुखवत, पाहुण्यांचे निरोप, सगळं त्याच्या भोवतीने चाललं होतं, आणि लेकीचा बाप ओट्यावर बसून लाकडाचे रोम बोटाने चाचपत होता. एकदा अबोलीने हसून विचारलं, "आबा, अजून किती घासनार?" तर म्हणाला, "अजून उटत्यात." तेल लावायच्या दिवशी मात्र त्याने अनसूयेला हाक मारली. करडईचं तेल पडलं आणि चिंचेच्या लाकडातल्या तांबूस-काळ्या रेघा एकदम वर आल्या. दोघेही वाकून बघत राहिले.

"हरणाबाईला दाखवून येतो," तो म्हणाला. चपला घातल्या आणि एकटाच गेला. दोन दिवाळ्यांनंतर तो पहिल्यांदाच एकटा घराबाहेर पडत होता. परत आला तेव्हा अंधार पडायला आला होता.

"काय म्हनली?"

"अंगठा फिरवला. काय बोलली न्हाई." चपला काढत तो म्हणाला, "लग्नाच्या अक्षता दिल्या तिला."

लग्न कऱ्हाडात झालं. पहिल्या पंगतीला मांडवाच्या एका कडेला पुरुष बसले, समोरच्या कडेला बायका. व्याही रुबाबदार माणूस, मोठ्या आवाजाचा. मधुकर त्याच्या शेजारी बसलेला अनसूयेला दिसला. पानं वाढून झाली. मधुकरने खिशातून रुमालात गुंडाळलेला चमचा काढला आणि पानाशेजारी ठेवला.

आजूबाजूच्या दोन-चार माना वळल्या. व्याह्यांनी आपल्या आवाजात विचारलं, "ह्ये काय वो पाव्हनं?"

"कंपवात हाय मला. बोटानं घास ऱ्हात न्हाई," मधुकर म्हणाला. समोरच्या कडेला ऐकू येईल इतक्या मोठ्याने म्हणाला. "मलकापुरात एक बाई हायती, त्येंच्या हातचा चमचा हाय. दांडा मी घासलाय."

व्याह्यांनी चमचा उचलला. दांड्यावरून अंगठा फिरवला, परत फिरवला, मग शेजारच्या आपल्या भावाकडे दिला. त्यानेही फिरवून पाहिला. चमचा अशी दोन-तीन पानं फिरून परत आला, तोवर कुणीतरी श्लोक म्हणायला सुरुवात केली होती.

मधुकरने भातात आमटी कालवली. चमचा उचलला. हात हलला, थोडी आमटी पानावर सांडली. बाकीची तोंडात गेली. ताट वाजलं नाही, दात वाजले नाहीत. व्याह्यांनी काही तरी विचारलं, त्यावर तो जेवता जेवता मनगट फिरवून दाखवायला लागला. बहुतेक घाटच असावा. दुसरा घास गेला, तिसरा गेला. अनसूया वाट बघत होती की तो आता मान वर करून तिला शोधेल. रोज जेवताना तो तिच्याकडेच बघायचा. दुसरीकडे बघायला त्या बंद खोलीत काही नव्हतंच.

त्याने मान वर केली नाही. त्याला तिची आठवणच नव्हती.

तिला क्षणभर कसंसंच वाटलं. दोन्ही हात मांडीवर ठेवून ती तशीच बसून राहिली. तिच्या पानावरच्या भातातून वाफ येत होती. मधुकरचं आटोपून तिने स्वतःचं ताट पुढे ओढेपर्यंत रोज सगळं गार होऊन गेलेलं असायचं.

शेजारी हरणाबाई नवं लुगडं नेसून बसली होती. तिने समोर एकदाही पाहिलं नव्हतं. खाली मान घालून ती भराभर जेवत होती. घास न थांबवता तिने कोपराने अनसूयेला हळूच ढोसलं.

"जेवा की आता. निवाय लागलंय."