हनुवटीखालची शिडी

पन्नास मीटर

क्रेनच्या केबिनमध्ये बसणाऱ्याला सगळे घार म्हणत. उंच बसतो म्हणून. नजरेचं म्हणाल तर शाळेपासून नाकावर जाड चष्मा. तरी आज सकाळपासून घारीला पन्नास मीटर खालचा हुक स्वच्छ दिसत होता आणि गुडघ्यापाशी असलेल्या तबकडीवरचा वजनाचा आकडाही. वर्षभरात पहिल्यांदाच. वर्षभर तो चष्मा कपाळावर चढवून, तबकडीला नाक लावून आकडे वाचत होता. गेल्या महिन्यात घाईत चष्मा न काढताच वाचायला गेला आणि आठाला तीन समजला. भार इतका जड की जागचा हललाच नाही, म्हणून कुणाला पत्ता लागला नाही. बायकोला मात्र त्याने सांगितलं. पोटात राहीना.

"औषधाची बाटली मी वाचायची, सुईत दोरा मी ओवायचा," ती म्हणाली होती. "आता क्रेनवरही मीच येऊन बसू?"

एक हात
(म्हणजे काल, चष्म्याच्या दुकानात)

डोळे तपासणाऱ्या बाईंनी कागदावर डोळा काढला. "तुमच्या डोळ्याचा गोळा जरा लांबट आहे. लांबून आलेला प्रकाश मागच्या पडद्यापर्यंत पोचायच्या आधीच एकत्र येतो, म्हणून लांबचं पुसट. त्यासाठी तुमचा जुना नंबर. आता वयाने आतलं भिंगही कडक झालंय. जवळचं बघताना ते फुगायला हवं, ते फुगत नाही."

"म्हणजे दोन्हीकडून बोंब."

"म्हणून एका काचेत दोन नंबर. वरून लांबचं, खालून जवळचं. जिना उतरताना मात्र हनुवटी छातीला लावायची. नाहीतर खालच्या काचेतून पायऱ्या पुसट दिसतात, उड्या मारतात. आठ दिवस सवय करा."

आठ दिवस! तो दुसऱ्याच दिवशी कामावर गेला. चढताना माणूस वर बघतो. काही अडचण आली नाही.

दीड मीटर

दुपारी वारा सुटला. वॉकीटॉकीवर मुकादम ओरडला, "ब्रेक सोड आणि उतर!" वादळात क्रेनला अडवून धरत नाहीत, वारा नेईल तिकडे वळू देतात. घारीने ब्रेक सोडला, तळातली झडप उघडली, पाय खाली सोडले, पायांकडे बघितलं.

शिडी नव्हती. म्हणजे होती, पण दुधात बुडवल्यासारखी. मान हलली की गज वर यायचे, खाली जायचे. हनुवटी छातीला लावायची? तो वाकला. कपाळ समोरच्या गजावर आपटलं. शिडीभोवती लोखंडी कड्यांचा पिंजरा, पाठीमागे टीचभरही जागा नाही. ही युक्ती जिन्यासाठी होती. उभ्या शिडीबद्दल कुणी विचारलंच नव्हतं, आणि त्यानेही सांगितलं नव्हतं.

तो पुन्हा वर आला. केबिन वाऱ्याबरोबर हळूहळू फिरायला लागली.

"घार, झोपलास का रे?"

"येतो."

"वारा काय तुझा मेहुणा आहे थांबायला?"

दीड मीटर, पुन्हा

खरं सांगावं, तर केबिनची ही नोकरी गेली. न सांगावं, तर

पाय गजावर पडला असं वाटलं, तो पडलाच नव्हता. दोन्ही हातांवर तो लोंबकळला. गुडघा लोखंडावर फुटला. पुन्हा वर.

डोळे मिटून उतरावं? शिडीचे सात टप्पे, प्रत्येक टप्प्यावर उभं राहायला पत्रा, आणि त्यातलं खाली उतरायचं भोक दर वेळी वेगळ्या बाजूला.

एक वीत

रागाने त्याने चष्मा ओढून काढला. जग विरघळलं: शहर, आभाळ, जमीन, सगळं एकच खरकटं पाणी. पण नाकासमोरचा गज? गंज दिसला. गंजावरचा रंगाचा ओघळ दिसला. लांबट डोळ्याला एक वीतभर अंतर फुकट मिळालेलं असतं.

चष्मा खिशात, खिशाचं बटण लावलं. मग बघायचं ते फक्त हाताच्या गजाकडे. आता जो पायाखाली आहे, तोच थोड्या वेळाने हातात येणार. पाय आंधळे, हात डोळस. प्रत्येक टप्प्यावर गुडघे टेकून, नाक पत्र्याला लावून त्याने भोक शोधलं. कुणी बघितलं असतं तर वास घेतोय म्हणाला असता.

जमीन

खाली मुकादम उभा होता. म्हणजे मुकादमाच्या आकाराचं काहीतरी.

"अर्धा तास! काय करत होतास?"

त्याचा चेहरा दिसत नव्हता. रागावलाय की घाबरलाय, कळेना. कदाचित म्हणूनच सांगता आलं. चष्म्याचं सांगितलं, शिडीचं सांगितलं. तोंड उघडलंच होतं, तर आठाचं आणि तिनाचंही सांगून टाकलं.



त्याने चष्मा लावला. मुकादम केव्हाचा फोनमध्ये नंबर शोधत होता.

"कुणाला लावताय?"

"दुसऱ्या माणसाला," मुकादम म्हणाला. "वारा पडला की काम सुरू करायचंय. तू असा बाजूला हो. नाही, जाऊ नकोस. इथंच थांब. ते आठाचं आणि तिनाचं तुला लिहून द्यायचंय."