वाढलेला आकडा

ह्यांचा रिपोर्ट ह्यांच्याआधी भाऊजींनी वाचला. दोघा भावांनी रक्त एकत्रच दिलं होतं आणि दोघांच्या रिपोर्टसाठी लॅबला फोन नंबर भाऊजींचा दिला होता. प्रोस्टेट ग्रंथीची तपासणी होती. आकडा चारच्या आत हवा होता, ह्यांचा आला नऊ.

भाऊजी आमच्याकडेच जेवत होते. तोंडातला घास न गिळताच म्हणाले, "दादा, तुला कॅन्सर आहे." घासाचे कण टेबलावर उडाले. मला शिसारी आली.

हे सोफे शिवणारे, जेवण झालं की लगेच कामाला बसायचे. त्या दिवशी ताट तसंच सोडून उठले.

दुसऱ्या दिवसापासून शेजारपाजारचे यायला लागले. भाऊजींनी गावभर डांगोरा पिटला होता. एकाने तर विचारलं, "आता डायपर लागेल का हो?" हे डोक्यावरून चादर घेऊन पडून राहिले. ह्या वयात माणसाची लाज अशी चव्हाट्यावर!

मी ह्यांना ओढतच डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

"रक्त दिलं तेव्हा लघवीला जळजळ होत होती?"

मीच म्हणाले, "होत होती. तापही होता. लाजेपायी बोलले नाहीत."

"संसर्गानंही आकडा वाढतो, वयानं ग्रंथी मोठी झाली तरी वाढतो. कॅन्सर असूही शकतो, पण नुसत्या आकड्यावरून ते कळत नाही."

त्यांनी हातानं तपासलं, गाठ लागली नाही. लघवीत संसर्ग निघाला. औषधं झाली, दोनेक महिन्यांनी पुन्हा रक्त दिलं. आकडा चारच्या जरासा वर. "सहा महिन्यांनी परत बघू," बाई म्हणाल्या.

घरी आल्यावर चहा पिता पिता हे ऐकून भाऊजींचा चेहराच पडला. "लॅबवाले काहीही लिहितात," म्हणत ते नखानं दात कोरू लागले.

"तुमचा किती आला होता?" मी विचारलं.

"मी... अजून उघडला नाही."

"दोन महिने? दादाचा मात्र लगेच उघडलात!"

भाऊजींच्या कपाळावर घाम फुटला होता. ह्यांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "चल, बाईंकडे मी येतो तुझ्याबरोबर."

ह्यांचं मन मोठं. मी भाऊजींचा उष्टा कप दोन बोटांत धरून उचलला आणि मोरीत टाकला.