चाळीस सेकंदांचा फोटो

शेवंतीच्या पत्राला भगवान भोईरांनी उत्तर दिलं नव्हतं, त्याला आता तीन वर्षं होत आली. ठाकुर्लीच्या घरात पुस्तकांच्या कपाटात ते पत्र एका मोठ्या पाकिटावर पडून होतं.

शहाण्णव साली भोईर ठाण्यातल्या एका केंद्रात एमआरआयचं यंत्र चालवत. चेंदणीच्या धाकू कोळ्याच्या उजव्या हातातलं बळ सकाळी जाळं ओढताना गेलं आणि दुपारी त्याची लेक शेवंती त्याला घेऊन आली.

"भावा, भट्टीत घालतोस काय मला?" धाकू जड जिभेनं म्हणाला.

"हलू नका, काका."

नेहमीचे फोटो स्वच्छ निघाले. पण मेंदूत पाणी कुठे कोंडलंय ते दाखवणारी नवी पद्धत यंत्रात नुकतीच आली होती. पूर्वी तिला इतका वेळ लागे की रोगी जरा हलला तरी सगळं फुकट जाई. आता चाळीस सेकंद पुरत. भोईरांनी त्याविषयी वाचलं होतं. कुणी सांगितलं नसताना त्यांनी तोही फोटो काढला. डावीकडे नखाएवढा पांढरा डाग दिसला.

"या पद्धतीत असले खोटे डाग पडतात," केंद्राचे डॉक्टर म्हणाले. "भगवानराव, पुस्तकं घरी वाचत जा."

रिपोर्टात मेंदू निर्दोष ठरला. भोईरांना वाटलं, डॉक्टरांपुढे आपण कोण? त्या फोटोची फिल्म त्यांनी मोठ्या पाकिटात घालून गुपचूप घरी आणली.

वर्षभरानं शेवंतीचं पत्र आलं. नारळी पौर्णिमेला खाडीवर वडिलांच्या हातातून नारळ निसटला, सगळे हसले. तिचा काका म्हणतो, फोटोत काही नाही, हा कामचुकार नाटक करतो. 'तुम्ही यंत्रावर होता. खरं काय ते लिहा.'

भोईरांनी चारदा उत्तर लिहायला घेतलं. चारही वेळा 'माझी चूकही असेल' इथे येऊन कागद फाडला.

यंदा ते निवृत्त झाले. शेवटच्या आठवड्यात तेच डॉक्टर तसल्याच डागावर पेन टेकवून विद्यार्थ्यांना सांगत होते, "पक्षाघाताच्या पहिल्या काही तासांत हा फक्त इथेच दिसतो." भोईरांकडे त्यांनी पाहिलंही नाही.

परवा बाजारात चेंदणीची आवडाबाई मासे विकायला बसली होती. भोईरांनी भीतभीतच धाकूची चौकशी केली.

"कोण, ढोंगी धाकू?" तिनं बोंबलांवर पाणी मारलं. "तो मेला की शिमग्याला. मेल्यावर पटलं लोकांना, खरंच आजारी होता म्हणून."

घरी येऊन त्यांनी लिहिलं: 'शेवंती, तुझे वडील ढोंग करत नव्हते. डाग मी पाहिला होता आणि गप्प बसलो. फिल्म पाठवतो आहे. तुझ्या काकांना ती उजेडासमोर धरून दाखव.' खाली सवयीनं 'कदाचित' लिहिलं गेलं. ते त्यांनी खोडलं.

डोंबिवलीच्या पोस्टात कारकुनानं पाकीट वाकवून पाहिलं. "आत काय आहे?"

"फोटो. जुना आहे."

कारकुनानं शिक्का मारला आणि पाकीट पोत्यात टाकलं.