जर्सीच्या खिशातल्या आठ गोळ्या

आमचं कपडे धुण्याचं दुकान आहे. मशीनमध्ये टाकण्याआधी प्रत्येक कपड्याचा खिसा उलटा करायचा, हे काम मी एकोणीस वर्षं करते आहे. निघेल ते पाकिटात घालायचं आणि वर गिऱ्हाइकाचं नाव लिहायचं. लोक खिशात काय काय ठेवतात! किल्ल्या, कवळी, एकदा तर सोडचिठ्ठीचा कागद. खिसा थापा मारत नाही. माणसाचं तसं नाही.

नवऱ्याच्या सायकलिंगच्या जर्सीला पाठीमागे तीन खिसे आहेत. एका सोमवारी मधल्या खिशातून गोळ्यांचे आठ कागद निघाले. नारिंगी, गोल, लहान पोरं चघळतात तसल्या गोळ्यांचे. नवरा लिफ्ट दुरुस्त करतो, वय बावन्न, तीन वर्षांपासून मधुमेह. घरात चहा बिनसाखरेचा पितो, तोसुद्धा आपल्यावर मोठे उपकार केल्यासारखं तोंड करून. आणि रविवारी शंभर किलोमीटरच्या नावाखाली हे धंदे! मला राग आला. खरं सांगायचं तर आधी भीती वाटली. माझ्या वडिलांचा पाय याच आजारात कापावा लागला होता.

विचारलं असतं तर "एखादी खाल्ली असेल" म्हणाला असता. मग भांडण, मग दोन दिवस अबोला. त्यापेक्षा मी चोरावर मोर व्हायचं ठरवलं. औषधाच्या दुकानातून बिनसाखरेच्या गोळ्या आणल्या, तशाच नारिंगी आणि तेवढ्याच आकाराच्या. शनिवारी संध्याकाळी त्याने जर्सीत आठ गोळ्या भरल्या आणि अंघोळीला गेला. तो बाहेर येईपर्यंत मी आठही उघडल्या, त्यांच्याच कागदांत माझ्या गुंडाळल्या आणि टोकांना पीळ दिला. खऱ्या गोळ्या दुकानात गिऱ्हाइकांच्या पोरांसाठी ठेवलेल्या बरणीत टाकल्या. स्वतःवर फार खूश होते मी.

रविवारी सकाळी अकराला फोन आला. नवऱ्याबरोबर सायकल चालवणारे चित्रकलेचे सर होते.

"वहिनी, घाबरू नका. आम्ही पेट्रोल पंपाजवळ थांबलोय. याला घाम फुटलाय, हात थरथरतायत. मशीनवर साखर चौपन्न दाखवतेय. पंधरा मिनिटांत पाच गोळ्या खाल्ल्या, तरी वर येत नाहीये. आणखी खातो म्हणतोय."

"वर का यायला पाहिजे?" मी विचारलं.

"अहो, त्याच्या औषधानं साखर उतरते. त्यात एवढी सायकल. म्हणून तर डॉक्टरांनी वाटेत खायला सांगितलंय ना! तुम्हाला माहीत नाही?"

मला माहीत नव्हतं. मला जे माहीत होतं ते त्यांना माहीत नव्हतं. काउंटरवर एक बाई पडदे घेऊन उभी होती. तिच्यासमोर, परक्या माणसाला, हे कसं सांगायचं? हा विचार माझ्या मनात आला, हे मी लपवणार नाही. नवरा तिकडे रस्त्याच्या कडेला बसला होता आणि मी अब्रू सांभाळत होते.

"सर, त्या गोळ्यांत साखर नाही," मी म्हणाले. "मी बदलल्यात. साधी साखर द्या त्याला. फळांचा रस द्या, काहीही गोड द्या, पण खरं. धावा!"

फोन तसाच चालू राहिला. बुटांचा खाडखाड आवाज लांब गेला, पंपावरच्या दुकानाकडे असणार. मग नवऱ्याचा आवाज आला, झोपेत बोलल्यासारखा जड. "अरे, कुठे चाललास? गोळ्या आहेत की माझ्याकडे."

मी ते ऐकलं. पडदेवाली बाई काहीतरी विचारत होती, तिला काय उत्तर दिलं ते आठवत नाही. काही वेळाने सर म्हणाले, "प्यायला सगळा रस." आणखी पंधरा मिनिटांनी, "शहाऐंशी." मी स्टुलावर बसले.

डॉक्टरांना दाखवून दुपारी सर त्याला गाडीतून घरी सोडून गेले. चेहरा उतरलेला होता, पण स्वतःच्या पायांनी चालत आला.

"चव वेगळी लागली नाही?" मी विचारलं.

"नाही. गोडच होत्या. म्हणून तर पाच खाल्ल्या."

तो रागावला असता तर बरं झालं असतं.

"मला सांगितलं का नाहीस, डॉक्टरांनी खायला सांगितलंय म्हणून?"

"तू सायकल बंद केली असतीस."

केलीच असती.

त्याने सायकलच्या सीटखालची छोटी पिशवी उघडली आणि घडी घातलेला कागद काढला. एकोणीस वर्षांत मी एक खिसा सोडला नव्हता, पण त्या पिशवीला मी खिसा धरलंच नव्हतं. आणि हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

"वाच," मी म्हणाले. "मोठ्याने."

"निघण्याआधी साखर तपासणे. दर अर्ध्या तासाला थोडं खाणे. सत्तरच्या खाली गेल्यास सायकलवरून उतरणे, साखर खाणे, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणे. एकट्याने न जाणे." तो थांबला.

"पुढे?"

शेवटच्या ओळीखाली डॉक्टरांनी दोन रेघा ओढल्या होत्या.

"हा कागद घरी वाचून दाखवणे."

कागदावरची तारीख चार महिन्यांपूर्वीची होती. मी दुकानातली बरणी आणायला गेले. त्याच्या आठपैकी तीनच गोळ्या उरल्या होत्या, बाकीच्या पोरांनी फस्त केल्या होत्या. त्या तिन्ही मी जर्सीच्या मधल्या खिशात घातल्या आणि त्याच्यासमोर बसले.

"आता पुन्हा पहिल्यापासून वाच," मी म्हणाले.